बागेतले प्रश्न : कढीपत्ता कोण खातो?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच कुळातील फुलपाखरांविषयी आहेत, म्हणून या वेळचा स्तंभ आम्ही त्यांनाच दिला आहे. इंग्रजीत या कुळाला स्वॅलोटेल म्हणतात, कारण यांतील अनेकांच्या मागच्या पंखांना भिंगरी या पक्ष्याच्या शेपटीसारखी टोके असतात; मराठीत त्यासाठी ‘पुच्छ कुळ’ हे नाव रूढ होत आहे. मात्र केवळ नावावरून ओळख पटवू नये. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले नीलवंत, म्हणजेच ब्लू मॉरमॉन, याच कुळातले असूनही त्याला शेपटी नाही.

प्रश्न : आमच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत कुंडीतला कढीपत्ता आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या पानांवर चिमणीने शिटल्यासारखे तपकिरी-पांढरे ठिपके दिसले. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर त्यातला एक हलला! आता झाडाचे शेंडे बोडके झाले आहेत. कोणते औषध फवारावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कोणतेही औषध फवारू नये. आपण पाहिलेले ठिपके बहुधा लाइम किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांच्या अळ्या आहेत. दोन्ही जाती शहरात सर्रास आढळतात, दोन्ही कढीपत्त्यावर आणि लिंबाच्या कुळातील इतर झाडांवर अंडी घालतात, आणि लहान वयात दोघींच्या अळ्या इतक्या सारख्या दिसतात की नवशिक्याने त्यांतला फरक शोधण्यात वेळ घालवू नये. फुलपाखरे मात्र सहज वेगळी ओळखता येतात. लाइम काळ्या रंगावर पिवळसर पांढऱ्या ठिपक्यांचे असते, त्याच्या मागच्या पंखाच्या आतील कोपऱ्यात एक विटकरी लाल डाग असतो आणि त्याला शेपटी नसते. कॉमन मॉरमॉनचा नर काळा असतो, त्याच्या मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी माळ असते आणि त्याला शेपटी असते.

आता अळीकडे येऊ. मादी कोवळ्या पालवीवर एकेक अंडे सुटे चिकटवते. हे अंडे खसखशीहून मोठे आणि मोहरीहून लहान, फिकट पिवळे आणि अगदी गोल असते. फोडणीसाठी पाने तोडताना शेंड्यांकडे जरा निरखून पाहिले तर ते दिसते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते आणि पुढे चार वेळा कात टाकते. शेवटची कात टाकेपर्यंत ती आपल्याला फसवते तशीच बुलबुलालाही फसवते, कारण पक्ष्याची विष्ठा कोणताही पक्षी खात नाही. शेवटच्या टप्प्यात ती एकाएकी हिरवी होते, अंगावर तिरके तपकिरी पट्टे येतात, आणि मग तिची भूक खरी दिसू लागते. संपूर्ण आयुष्यात ती जेवढी पाने खाते, त्यांतील बहुतेक पाने ती या शेवटच्या चार-पाच दिवसांतच संपवते. म्हणूनच ‘काल झाड भरलेले होते, आज काड्या उरल्या’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते.

या अळीला अगदी हलके बोट लावून पाहावे. डोक्यामागून दोन टोकांचे नारिंगी-लाल शिंग झटकन बाहेर येते आणि उग्र, आंबूस वास सुटतो. हे शिंग म्हणजे एक मऊ ग्रंथी असते. त्याने टोचत नाही, खाज सुटत नाही, मुंग्या आणि लहान कोळी मात्र दूर राहतात. लहान मुलांना हा प्रयोग एकदा दाखवायला हरकत नाही, परंतु पुन्हा पुन्हा अळीला डिवचू नये.

गुडघाभर उंचीच्या कुंडीतल्या झाडावर दोन किंवा तीन अळ्याच पोसल्या जातात. त्याहून अधिक असतील, तर त्या ज्या पानावर बसल्या असतील ते पान तोडून शेजाऱ्यांच्या कढीपत्त्यावर ठेवावे. अळीला चिमटीत धरून ओढू नये, कारण ती पायांनी पानाला घट्ट धरून असते. पाने गेल्याने कढीपत्ता मरत नाही. कुंडीला थोडे शेणखत द्यावे, पाणी बेताचे ठेवावे. काही आठवड्यांत नवी पालवी फुटते आणि ती पूर्वीहून दाट येते. कढीपत्त्याची छाटणी आपण एरवी करतोच, ती या वेळी दुसऱ्या कोणी केली एवढेच.

एक दिवस अळी अचानक दिसेनाशी होईल. तिला कावळ्याने नेले असा तर्क करण्याआधी कुंडीची कड, खिडकीची जाळी आणि कपडे वाळत घालण्याच्या दोरीचे टोक पाहावे. कोष करण्यापूर्वी ती पोट रिकामे करते आणि अनेकदा झाड सोडून बरीच दूर चालत जाते. कोषाची शेपटाकडची बाजू आधाराला चिकटलेली असते आणि पाठीभोवती रेशमाचा एकच धागा असतो. माडावर चढणाऱ्या माणसाच्या कमरेचा दोर जसा दिसतो तसा.

प्रश्न : पुण्यात आमच्या बंगल्याभोवती झिनिया, कॉसमॉस, झेंडू, पेंटास अशी फुलझाडे मुद्दाम फुलपाखरांसाठी लावली आहेत. लहान पिवळी-पांढरी फुलपाखरे भरपूर येतात, पण मोठी काळी-निळी फुलपाखरे एखादी घिरटी घालून निघून जातात. काय चुकते आहे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण खाणावळ उघडली आहे, पण राहायला खोली ठेवलेली नाही. फुलपाखरू मकरंदासाठी कोणत्याही बागेत येते; ते टिकते ते मादीला अंडी घालण्याजोगे झाड मिळाले तर. प्रत्येक जातीच्या अळीची झाडे ठरलेली असतात आणि पुच्छ कुळात हा नियम विशेष काटेकोर आहे. मादी उडता उडता पानावर क्षणभर उतरते, पुढच्या पायांनी पान झपाझप बडवते आणि पटले नाही तर पुढे जाते. पायांवरील सूक्ष्म केसांनी ती पानाची चव घेत असते. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात एखादी मोठी फुलपाखरी मादी फुलांकडे ढुंकूनही न पाहता नुसत्या पानांवरून फिरताना दिसली, तर ती हेच काम करत आहे असे समजावे.

बंगल्याभोवती जागा असेल तर एक कागदी लिंबू किंवा ईडलिंबू आणि एक पपनस अवश्य लावावे. नीलवंताच्या अळ्या सह्याद्रीच्या रानात माकडलिंबावर वाढतात, परंतु बागेतील लिंबूवर्गीय झाडेही त्यांना चालतात, विशेषतः पपनस. कुंती, म्हणजे जिला अनेक जण कामिनी म्हणतात, तिच्यावर कॉमन मॉरमॉन येते आणि फुलांचा सुगंध वर मिळतो. बेल असेल तर लाइमला तोही पुरतो. सोसायटीच्या कुंपणाला उंच, निमुळते ‘अशोक’ असतील तर, ते खरे अशोक नसले तरी, ‘टेल्ड जे’ हे फुलपाखरू आपल्याकडे आधीच राहत असणार. काळ्या पंखांवर पोपटी ठिपक्यांची नक्षी असलेले हे फुलपाखरू एका जागी क्षणभरही थांबत नाही, त्यामुळे पुष्कळांनी ते पाहिलेले असते पण नीट पाहिलेले नसते. त्याला सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा आणि सोनचाफाही आवडतो. ‘अशोका’ची छाटणी ऐन पालवीच्या दिवसांत करू नये असे सोसायटीच्या माळ्याला सांगता आले तर पाहावे, आमच्याकडे ते अजून जमलेले नाही.

मकरंदाच्या झाडांतही थोडा बदल हवा. या कुळातील फुलपाखरांची सोंड लांब असते आणि फुलावर बसतानाही ती पंख फडफडत ठेवतात, म्हणून नळीसारखी, झुपक्याने येणारी फुले त्यांना सोयीची पडतात. पेंटास आपण लावलेच आहे. त्याला पेंटगुळाची, म्हणजे इक्झोराची, जोड द्यावी. कृष्णकिरीटाचा लाल मनोरा फुलला की नीलवंत त्यावर तासन्‌तास फिरतो. साधी एकेरी जास्वंद लावावी. भरगच्च पाकळ्यांच्या संकरित जास्वंदीत मकरंदापर्यंत पोहोचणे अवघड जाते. कोकणातील वाचकांनी भूतकेसाचा विचार करावा, कारण त्याच्या पांढऱ्या पानासारख्या पाकळीशेजारची इवलीशी नारिंगी फुले नीलवंताला फार प्रिय असतात. घाणेरीवरही ही फुलपाखरे गर्दी करतात हे खरे असले, तरी ती रानभर पसरणारी परकी झुडूपे आहेत. ती मुद्दाम लावू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक इशारा, जो आम्हाला स्वतःला महागात पडला. काही वर्षांपूर्वी आम्ही एका रोपवाटिकेतून लिंबाचे देखणे, एकही पान न कुरतडलेले रोप आणले. महिनाभरात त्यावर मॉरमॉनने सात अंडी घातली, अळ्या बाहेर पडल्या आणि दोन दिवसांत सातही पानांवरच काळ्या पडून मेल्या. रोपाला आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेले होते, जे मुळांतून शोषले जाऊन पानापानात पोहोचते आणि धुऊन जात नाही. तेव्हापासून आम्ही थोडी कुरतडलेली पाने असलेले रोपच निवडतो. कडुनिंबाचे तेल ‘नैसर्गिक’ आहे म्हणून निर्धोक आहे, हाही गैरसमज आहे. अळ्यांची भूक आणि वाढ थांबवण्यासाठीच ते वापरले जाते.

प्रश्न : आमच्या आवारात तांबड्या ठिपक्यांचे एक काळे फुलपाखरू येते. त्याचे अंग लाल आहे. तशाच रंगाचे दुसरे एक येते, त्याचे अंग मात्र काळे आहे. ही नर-मादीची जोडी आहे का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपली नजर चांगली आहे, बरेच जण अंगाकडे पाहतच नाहीत. ही जोडी नाही. लाल अंगाचे फुलपाखरू क्रिमसन रोझ किंवा कॉमन रोझ असणार. पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे असतील तर क्रिमसन रोझ. पुढचे पंख साधे आणि मागच्या पंखाच्या मधोमध पांढरा डाग असेल तर कॉमन रोझ. काळ्या अंगाचे फुलपाखरू ही कॉमन मॉरमॉनची मादी आहे, आणि तिने रोझचे सोंग घेतलेले आहे.

या सोंगामागे विष आहे. रोझच्या अळ्या सापसंद आणि किडेमारी या वेलींवर वाढतात. या वेलींतील विषारी द्रव्य अळी अंगात साठवते आणि ते फुलपाखरातही उतरते, त्यामुळे एकदा रोझ तोंडात घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. मॉरमॉन कढीपत्त्यावर वाढते, तिच्या अंगात विष नाही. ती केवळ रंगाच्या दहशतीवर जगते. तिच्या माद्या तीन प्रकारच्या असतात : एक नरासारखी, एक कॉमन रोझसारखी आणि एक क्रिमसन रोझसारखी. एका नराच्या भोवती निरनिराळ्या ‘बायका’ दिसतात, म्हणून बहुपत्नीत्वासाठी ओळखल्या जाणाऱ्या पंथाच्या नावावरून इंग्रजांनी याला मॉरमॉन म्हटले, असे सांगतात. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ मध्येच या माद्यांच्या बहुरूपतेविषयी लिहिले होते. एकाच मादीच्या पोटी वेगवेगळ्या रूपांच्या मुली कशा जन्मतात, याचे उत्तर मात्र २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून मिळाले : डबलसेक्स नावाचे एकच जनुक ही सगळी नक्षी एकदम बदलते.

उडण्यातही फरक असतो. रोझ सावकाश, बेफिकीरपणे तरंगते, कारण तिला घाई नाही. मॉरमॉन सोंगात असताना तशीच उडते. पण तिच्या मागे धावून पाहावे, सोंग विसरून ती वेडीवाकडी सुसाट निघते.

आपण सावंतवाडीस आहात, म्हणून आणखी एक सुचवतो. आवारात सापसंदाची वेल लावावी आणि पावसाळ्यात तिच्यावर लक्ष ठेवावे. सदर्न बर्डविंग हे सोनेरी पिवळ्या मागच्या पंखांचे भले थोरले फुलपाखरू दक्षिण कोकणापासून गोवा, कर्नाटक, केरळपर्यंत आढळते आणि त्याच्या अळीलाही हीच वेल लागते. भारतातील सर्वांत मोठे फुलपाखरू हा त्याचा मान २०२० पर्यंत अबाधित होता. त्या वर्षी हिमालयातील गोल्डन बर्डविंगच्या मादीचे पंख १९४ मिलिमीटर भरले आणि १९३२ पासून चालत आलेला १९० मिलिमीटरचा विक्रम मोडला.

सापसंद म्हणून रोपवाटिकेत जे मिळेल ते घेऊ नये. बदकाच्या किंवा नळीच्या आकाराची मोठमोठी शोभिवंत फुले येणाऱ्या याच गणातील परदेशी वेली बाजारात असतात. ऑस्ट्रेलियात अशाच एका बागेतल्या वेलीवर रिचमंड बर्डविंगच्या माद्या फसून अंडी घालतात आणि अळ्या ती पाने खाऊन मरतात. आपल्याला हवी आहे ती रानातली, लहान हिरवट-जांभळ्या फुलांची वेल. गुरे आणि लहान मुले यांच्यापासून ती दूर लावावी; ती माणसालाही विषारी आहे आणि तिचा काढा कोणी कितीही सुचवला तरी घेऊ नये.

प्रश्न : माझी संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. आपण ज्या अळीचे कौतुक करता, ती माझी रोपे बोडकी करते. मी काय करावे?
— एक शेतकरी वाचक, काटोल

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. मोठ्या झाडाला या अळीने फारसे बिघडत नाही, पण वीतभर रोपाला चार अळ्या म्हणजे सर्वनाश. अळ्या सुट्या, डोळ्यांना दिसतील अशा आणि संथ असल्यामुळे रोपवाटिकेत हाताने वेचणे हाच सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. नवी पालवी फुटल्यावर दर तीन दिवसांनी एक फेरी मारावी, म्हणजे अंडी आणि कोवळ्या अळ्या वेळीच सापडतात. वेचलेल्या अळ्या बांधावरच्या जुन्या संत्र्यावर किंवा लिंबावर सोडल्या तर आपलेही नुकसान नाही. बांधावर बावची उगवली असेल तर ती उपटू नये. लाइमच्या माद्या तिच्यावरही अंडी घालतात.

प्रश्न : कोष घरात आणून बरणीत ठेवावा का? नातीला फुलपाखरू बाहेर येताना दाखवायचे आहे.
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : बंद बरणीत ठेवू नये. कोष ज्या काडीवर आहे ती काडी कापून जाळीच्या उंच डब्यात उभी रोवावी, उन्हापासून दूर ठेवावी आणि वाट पाहावी. साधारण आठ ते बारा दिवस लागतात. आदल्या दिवशी कोषाच्या भिंतीतून पंखांची काळी नक्षी दिसू लागते. दुसऱ्या दिवशी नातीला सकाळी लवकर उठवावे. बाहेर आलेले फुलपाखरू ओल्या चिंधीसारखे दिसते आणि पंख पसरून वाळायला त्याला तासभर तरी लागतो, त्यासाठी लोंबकळण्यापुरती जागा हवी. त्या वेळी तांबूस द्रव गळतो. ते रक्त नव्हे. फुलपाखरू तोवर हाती घेऊ नये.

मात्र नातीला आधीच सांगून ठेवावे की कोषातून फुलपाखरूच येईल असे नाही. आमच्या एका कोषाला चौदाव्या दिवशी सुईने टोचल्यासारखे एक भोक पडले आणि त्यातून चमकदार हिरव्या-काळ्या रंगाच्या चिमुकल्या गांधीलमाश्यांची रांग लागली. आम्ही मोजल्या तेव्हा त्या साठाच्या वर होत्या. कोष कोवळा असताना त्यांच्या आईने त्यात अंडी घातली होती. घरातली मुले हिरमुसली, पण त्या दिवसापासून त्यांनी कोषाकडे अधिक बारकाईने पाहायला सुरुवात केली.

प्रश्न : ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर निळ्या पट्ट्यांची फुलपाखरे घोळक्याने बसलेली पाहिली. बागेत तसे करता येईल का?
— एक वाचक, महाड

उत्तर : येईल. ती कॉमन ब्ल्यूबॉटल असावीत. उन्हाळ्यात ती आणि ‘कॉमन जे’ ही फुलपाखरे अशी गर्दी करतात. ओल्या मातीतील क्षार, विशेषतः सोडियम, मिळवण्यासाठी हे चालते आणि त्यात जवळपास सगळे नरच असतात. परातीत वाळू भरून ती सतत ओली ठेवावी आणि त्यात चिमूटभर मीठ मिसळावे. पाणी साचू देऊ नये, नाहीतर डासच अधिक येतील.

प्रश्न : अमेरिकेत न्यू जर्सीत परसबागेत शेपू लावला आहे. त्यावर हिरव्या, काळ्या पट्ट्यांच्या आणि पिवळ्या ठिपक्यांच्या अळ्या आल्या आहेत. हात लावला की त्या नारिंगी शिंग काढतात. गावाकडच्या लिंबावर अशीच अळी पाहिल्याचे आठवते. ही तीच का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : तीच नव्हे, पण तिची चुलत बहीण. नारिंगी शिंगावरून कुळ आपण बरोबर ओळखले. ही ब्लॅक स्वॅलोटेलची अळी आहे आणि २०१६ पासून हे आपल्या राज्याचे, न्यू जर्सीचे, राज्य फुलपाखरू आहे. तिला लिंबूवर्गीय झाडे लागत नाहीत. शेपू, बडीशेप, पार्सली, गाजराचा पाला ही एकाच कुळातील झाडे तिला हवी असतात. भाजीपुरता शेपू वेगळ्या वाफ्यात ठेवावा, अळ्या दिसतील तशा दुसऱ्या वाफ्यात हलवाव्या, म्हणजे दोन्ही साधेल.

एक फरक लक्षात ठेवावा. महाराष्ट्रात कोषातून फुलपाखरू पंधरवड्यात बाहेर पडते, परंतु आपल्याकडे सप्टेंबरनंतर झालेला कोष संपूर्ण हिवाळा, बर्फातही, तसाच राहतो आणि वसंतातच उघडतो. तो वाळक्या काडीसारखा तपकिरी असतो आणि हातात घेतला तर मेलेला वाटतो. म्हणून ऑक्टोबरात बाग साफ करताना शेपूचे वाळलेले दांडे आणि कुंपणाजवळच्या काड्या कचऱ्यात टाकू नयेत. त्या एका कोपऱ्यात उभ्या बांधून मे महिन्यापर्यंत तशाच राहू द्याव्यात.